कुंड्यातले जीव

सुरतेत गोपीपुऱ्यातल्या एका अरुंद शेरीत आम्ही भाड्याने राहायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी माझ्या नवऱ्याला पुष्कळ प्रश्न विचारले आणि मला एकच. कांदा, लसूण आणि बटाटा घरात शिजणार नाही ना? मी नाही म्हटलं. नवऱ्याचा चेहरा वडिलोपार्जित जमीन लिहून देणाऱ्या माणसासारखा झाला, पण तो बँकेत नोकरीला असल्यामुळे त्याला असे चेहरे करून गप्प बसायची सवय होती.

मी कॉलेजात शिकवते एवढं घरमालकीणबाईंना कळलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं. सगळी शेरी त्यांना बा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. बा जैन. वय साठीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शेगडी पेटवण्याआधी त्या एका मऊ कुंचल्याने तिच्यातली मुंगी, किडा, जे काही असेल ते अलगद बाहेर काढत आणि मगच काडी ओढत. आणि मी कॉलेजात शिकवत नव्हते. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. बेडकांना क्लोरोफॉर्म देऊन, मेणाच्या ट्रेमध्ये चारी पाय ताणून टाचणीने टोचून ठेवायचे आणि मुलांची वाट पाहायची, हे माझं काम. बांनी विचारलं नाही, मीही मूग गिळून बसले. जागा हवेशीर होती.

डेमॉन्स्ट्रेटरचा कंटाळा फार लवकर येतो. आमच्या विभागात शिकवणाऱ्याची एक जागा रिकामी होणार होती, आणि प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की संशोधनाची पदवी घेतलीत तर जागा तुमची, नाहीतर बेडूक तुमचे. म्हणून मी बडोद्याच्या एका प्राध्यापकांकडे नाव नोंदवलं. विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या शेरीत माणसांपेक्षा पारवे जास्त होते. प्रत्येक कोनाड्यात, वळचणीला, गच्चीच्या कठड्याखाली त्यांची घरटी होती, आणि त्यांतली पिल्लं मरत होती. पिल्लू मान लांब करून चोच उघडी ठेवायचं, श्वासाबरोबर खरखर आवाज यायचा. चोचीत पाहिलं तर घशात पनीरच्या तुकड्यासारखा पिवळा गोळा. अन्न खाली जात नाही, पुढे पुढे हवाही जात नाही. शेरीतले लोक म्हणायचे, नजर लागली. सर म्हणाले, एकपेशीय जंतू, आईबापांच्या घशातून पिल्लांच्या घशात जातो. पण येतो कुठून आणि या वस्तीत इतका का, हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

सरांची पद्धत सरळ होती. थोडी पिल्लं आणा, मारा, कापा, आतल्या अवयवांचे काप करून पाहा. मी नको म्हटलं. सरांना नवल वाटलं. आठवड्यातून टोपलीभर बेडूक टाचणारी बाई पारव्याच्या पिल्लापाशी का अडते, हे त्यांना कळेना. मलाही ते नीट सांगता आलं नाही. बेडूक कॉलेजच्या खात्यावर मरत होते आणि ही पिल्लं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होती, एवढाच फरक होता. शेवटी आमचं असं ठरलं की एकही पिल्लू मारायचं नाही. कापसाचा बारीक बोळा काडीला गुंडाळायचा, कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून घशातून एकदाच फिरवायचा आणि पिल्लू परत ठेवायचं. आईबाप चरायला गेलेले असतानाच हात लावायचा, हात आधी चोळून गरम करायचे, घरट्याची काडी हलवायची नाही. सरांनी मान हलवली, पण जिवंत पिल्लू सांगेल तेवढंच तुम्हाला कळेल, हे बजावून ठेवलं.

घरटी रानात असती तर मी कोणाला विचारलंच नसतं. ती लोकांच्या घरात होती, त्यामुळे परवानगी पारव्यांची नाही तर निदान घरवाल्यांची घ्यायला हवी होती. मी प्रत्येक दारी गेले आणि प्रत्येक दारी मला एकच प्रश्न आला, "बा शुं कहे छे?" बा काय म्हणतात? म्हणून मी बांकडे गेले. त्यांना कापूस दाखवला, काडी दाखवली, स्वतःच्या तोंडात फिरवून दाखवली. बांनी विचारलं, तोंड पुसायचंच आहे ना? मी हो म्हटलं. मग पुसा, त्या म्हणाल्या, लेकरांचं पुसतो तसं. शेरीची परवानगी मिळाली.

माझ्या माहेरी अशी समजूत होती की माणसाचा हात लागला की पाखरू बाटतं आणि त्याचे जातवाले त्याला टोचून मारतात. पारव्यांना हे कोणी शिकवलेलं नव्हतं. मी पिल्लू परत ठेवून जिन्याच्या आडोशाला उभी राहायची, आई यायची, माझ्याकडे एक कंटाळलेला दृष्टिक्षेप टाकायची आणि पिल्लाच्या चोचीत चोच घालायची. जातपात न मानणारा इतका आळशी पक्षी मी दुसरा पाहिला नाही.

काही महिन्यांत माझ्या लक्षात आलं की आजारी पिल्लं सगळीकडे सारखी नव्हती. जिथे पाण्याचं कुंडं होतं, त्याच्या आसपासच्या घरट्यांत ती जास्त होती. शेरीत जवळपास प्रत्येक गच्चीवर पाखरांसाठी मातीचं पसरट कुंडं ठेवलेलं असे, पुण्याचं काम म्हणून. सकाळी त्यात गाळलेलं पाणी घालत. घालत म्हणजे भर घालत. आधीचं पाणी कोणी कधी ओतून टाकत नसे, कारण साचलेल्या पाण्यात जीव झालेले असतात, आणि ते तापलेल्या फरशीवर ओतलं की मरतात. ही अडचण खरी होती, आणि कुंड्यांच्या तळाशी तिचा हिरवा, बुळबुळीत थर साचला होता. आजारी पारवा त्यात चोच बुडवायचा, त्याच्या घशातला जंतू पाण्यात उतरायचा, पुढचा पारवा तिथेच प्यायचा आणि घरी जाऊन पिल्लांना भरवायचा. पाण्याच्या थेंबात मला ते जंतू सापडलेही. थोडक्यात, शेरीतली पिल्लं दयेने मरत होती.

उपाय सोपा होता. कुंडं रोज रिकामं करायचं आणि उकळत्या पाण्याने धुवायचं. मी बांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पाण्यात असं काही दिसत तर नाही. आता मी शिक्षिका नव्हते तरी शिक्षकांची खोड मला लागलेली होती. दिसत नाही म्हणणाऱ्याला दाखवलं की काम झालं, असं मला वाटायचं.

मी कॉलेजातून सूक्ष्मदर्शक घरी आणला. लाकडी पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते आणि खड्ड्याखड्ड्याला धक्के खाताना माझा जीव वर-खाली होत होता. दुपारी खिडकीतल्या उजेडासमोर तो मांडला, आरसा फिरवून प्रकाश धरला, एका आजारी पिल्लाच्या घशातला ताजा नमुना काचेवर घेतला आणि बांना बोलावलं. बांनी चष्मा काढला, मग घातला, मग परत काढला. मी भिंग जुळवून दिलं. त्या खूप वेळ वाकून पाहत राहिल्या. मला माहीत होतं त्यांना काय दिसतंय. पाण्याच्या थेंबासारखे पारदर्शक, नाजूक जीव, शेपटीसारखे केस फटकारत, एकमेकांना धक्के देत, गिरक्या घेत जाताहेत. यात्रेच्या दिवशी गल्लीत गर्दी होते तशी. मी पाहताना मलाही ते नेहमी देखणे वाटत.

"आ तो जीवे छे, बेन," बा डोळा न काढता म्हणाल्या. हे तर जगताहेत.

मी उत्साहाने हो म्हटलं.

"पाणी उकाळीए तो आ बधा क्यां जाय?"

पाणी उकळलं तर हे सगळे कुठे जातात? मी खरं ते सांगितलं. मरतात. बा सरळ झाल्या, चष्मा घातला आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. तोवर कुंड्यात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि न पाहिलेल्या जिवांबद्दल त्यांचं मन कदाचित वळलंही असतं. आता त्यांची ओळख झाली होती, आणि ती मीच करून दिली होती.

मी वाद घातला. बांचंच शास्त्र त्यांच्यावर उलटवलं. पारव्याला पाच इंद्रियं, याला फार तर दोन, मग मोठं पाप कोणतं? बा म्हणाल्या की निवड करायचं काम त्यांच्याकडे कोणी दिलेलं नाही, आपल्या हाताने मारायचं नाही एवढंच दिलंय. मग मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. तुम्ही उपवासाला पाणी उकळूनच पिता ना बा? त्यातल्या जिवांचं काय? मला वाटलं, आता कोंडीत सापडल्या. बा जराही गडबडल्या नाहीत.

"ए मारुं," त्या म्हणाल्या. "आ कोनुं?"

ते पाप माझं, माझ्या पोटासाठी केलेलं, मला माहीत असलेलं. हे कोणाचं? मी सूक्ष्मदर्शक पेटीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात परत केला. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला की बा बँकेत असत्या तर एव्हाना मॅनेजर झाल्या असत्या.

त्यानंतर बा माझ्याशी नेहमीसारख्याच वागत, पण गच्चीवर गेल्या की कुंड्यापाशी थांबत. मरणारी पिल्लं त्यांनाही दिसत होतीच. माझ्यापेक्षा जास्त दिसत होती, कारण मी दिवसा कॉलेजात असे. काही दिवसांनी सकाळी मी पाहिलं, बा कुंडं दोन्ही हातांत धरून जिना उतरत होत्या, एकेक पायरी, पाणी हिंदकळू न देता. खाली चौकात जुनी विहीर होती. प्यायला नळाचं पाणी आल्यापासून तिचा वापर थांबला होता, पण बा पाणी गाळल्यावर गाळणं उलटं करून त्यातले जीव अजून त्याच विहिरीत सोडत. पाणी वरून फेकायचं नाही, धक्का बसतो, म्हणून बादली दोरीने पाण्यापर्यंत खाली नेऊन तिथे कलती करायची. गाळण्यातल्या जिवांसाठी जे करतात तेच त्यांनी कुंड्यातल्या जिवांसाठी केलं. सगळं पाणी विहिरीत उतरवलं, कुंडं ओल्या फडक्याने पुसलं, फडकं विहिरीच्याच पाण्यात पिळलं आणि नवं पाणी भरून कुंडं वर नेलं. कोणाला मारलं नाही, फक्त बिऱ्हाड बदलून दिलं. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, चालेल ना? मी म्हटलं, चालेल. ते जंतू माणसाला काही करत नाहीत, आणि विहिरीत फार काळ टिकतही नाहीत. यातलं दुसरं वाक्य मी बांना सांगितलं नाही.

आठवड्याभरात सगळी शेरी कुंडी घेऊन जिने उतरू लागली. सकाळी विहिरीवर रांग लागायची. पुढच्या विणीत पिवळे घसे कमी झाले, आणि मी आनंदाने बडोद्याला जाऊन सरांना ते सांगितलं. सरांच्या कपाळावर आठ्या आल्या. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं की सगळीच कुंडी स्वच्छ झाली, तर कशाशी तुलना करणार? ऋतू बदलला म्हणून आजार कमी झाला, असं कोणीही म्हणेल. काही कुंडी आहेत तशीच ठेवायला हवी होती. निदान एक तरी जागा पूर्वीसारखी ठेवा, तिथल्या घरट्यांना हात लावू नका, औषध देऊ नका, काय होतं ते फक्त पाहा. त्याशिवाय हा प्रबंध म्हणजे शेजारणींची हकिगत आहे.

ते बरोबर बोलत होते, हेच वाईट होतं. सुरतेला परतताना गाडीत मी स्वतःला पटवत आले की एका गच्चीवरच्या दोन-चार पिल्लांनी दहा गावांतली पिल्लं वाचतील. शिकवणाऱ्याची जागाही डोळ्यांसमोर होतीच. पोटभाडेकरूसारखी ती त्या विचारात राहत होती.

आमच्या घराची मागची गच्ची बांचीच होती, आणि आपलं कुंडं तसंच ठेवायला शेरीत दुसरं कोणी धजावलं नसतं. मी बांना गळ घातली. काही करायचं नाही बा, फक्त न करायचं आहे. पाणी बदलायचं नाही, एवढंच. त्यांनी विचारलं, मग तिथली पिल्लं मरतील हे तुम्हाला आधीच माहीत आहे? मी म्हटलं, काही मरतील, बहुतेक. बांनी हातातली माळ ओढून संपवली. मग हो म्हणाल्या. अट एकच. तिथलं पिल्लू जायला लागलं की मी त्याच्याजवळ बसायचं आणि ते जाईपर्यंत त्याच्या कानाशी नवकार मंत्र म्हणायचा. मरणाऱ्या जिवाला एवढं देतात, मग तो गाय असो की मुंगी. मला नवकार येत नव्हता. बांनी शिकवला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ही अट बरीच स्वस्त पडली.

मागच्या गच्चीच्या कोनाड्यात पारव्याची दोन पिल्लं होती. पिसं फुटायला लागलेली, कुरूप, ढेरपोटी. काही दिवसांत मोठ्याच्या घशात पिवळा ठिपका दिसला. मी तो पाहिला आणि सरांच्या सूचनेप्रमाणे फक्त पाहिला. ठिपका वाढला. एका रविवारी सकाळी पिल्लू मान लांब करून पडलं होतं, चोच उघडी, छातीचा भाता वर-खाली. मी बांना हाक मारली. त्या आसनं घेऊन आल्या, एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी.

मी पिल्लू फडक्यात घेतलं आणि म्हणायला लागले. मला ते घोकल्यासारखं येत होतं. बा मध्येच माझे उच्चार दुरुस्त करत आणि मी तेवढा शब्द परत म्हणत असे. सकाळचं ऊन सरकत भिंतीवर आलं. घरात, पितळी डब्यात, नवऱ्याच्या आमांशावरच्या कडू गोळ्या होत्या. तीच गोळी या जंतूला मारते, हे मला पक्कं माहीत होतं. पहिला ठिपका दिसला तेव्हा तिचा एक कण पुरला असता. पिल्लाने पंख एकदा ताणले, नखं माझ्या अंगठ्याला रुतली आणि मग ती सुटली. मी म्हणायची थांबले. मला रडू आलं, आणि एका पारव्यासाठी रडणं मला तेव्हाही हास्यास्पद वाटलं, म्हणून मी मान खाली घातली. बेडकांसाठी मी कधी रडले नव्हते.

बांनी मला दोष दिला नाही. चांगलं म्हटलंत, असं म्हणाल्या. पिल्लू माझ्या हातातून घेऊन एका स्वच्छ चिंधीत गुंडाळलं. मग कोनाड्यात डोकावून धाकट्याकडे पाहिलं. त्याची चोच थोडी उघडी होती, आणि आत पिवळं दिसत होतं. बांनी स्वतःचं आसन उचललं, माझं तसंच राहू दिलं आणि घरातल्या बाईने स्वयंपाकाचं विचारावं तसं विचारलं,

"बीजुं क्यारे?"

दुसरं कधी? त्यांना खरंच वेळ हवी होती. देरासरात, त्यांच्या देवळात, जायचं होतं, ते आधी उरकायचं की नंतर, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मी उठले. घरात जाऊन पितळी डबा काढला, गोळी वाटीच्या बुडाखाली चिरडली आणि पाण्यात कालवली. त्याबरोबर माझी तुलना संपली आणि पदवीही संपली. सरांनी पुढे खरोखरच हात टेकले. शिकवायची जागा दुसऱ्याला गेली आणि मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच निवृत्त झाले. ते पिल्लू जगलं. हे सगळं आताच सांगून टाकते, कारण मला त्यातलं काहीच इतकं लख्ख आठवत नाही, जितकी त्यानंतरची पाच मिनिटं आठवतात.

मी ड्रॉपर भरून गच्चीवर आले. बा तिथेच उभ्या होत्या. ड्रॉपरमध्ये काय आहे ते मी सांगितलं नाही, पण घशातले ते जीव त्यांनी भिंगातून पाहिले होते, त्यांना सांगावं लागलं नाही. मी पिल्लू फडक्यात घेतलं आणि दोन बोटांनी त्याची चोच उघडली. बांनी उचललेलं आसन परत पसरलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"हवे एमना माटे बोलो," त्या म्हणाल्या. आता त्यांच्यासाठी म्हणा. त्यांची नजर पिल्लाच्या पिवळ्या घशावर होती.

मी पहिला थेंब सोडला आणि म्हणायला लागले.